गळ्यातली गाठ आणि हरवलेली बासरी

माझ्या गळ्यात गाठ आली तेव्हा ती कशी आली याच्या गोष्टी मी गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या. एकाची गोष्ट दुसऱ्याला दिली नाही, एवढा प्रामाणिकपणा माझ्यात आहे. धुडकूच्या नातीला सांगितलं, लहानपणी जांभळाची बी गिळली होती, ती आता रुजतेय. पुढच्या उन्हाळ्यात कानातून फांदी निघेल, तेव्हा खाली फ्रॉक धरून उभी राहा. छगनच्या पोराला सांगितलं, बारडोलीला ऊस तोडायला होतो तेव्हा जांभई देताना तोंडात पोपट शिरला, तो तिथेच बसलाय. म्हणून मी एवढी बोलते. ते पोर बिचारं आठवडाभर रोज एक हिरवी मिरची आणून देत होतं. पोपटासाठी. मी खाल्ल्या. काय करणार, पोपटाला उपाशी ठेवू?

खरं एवढंच होतं, की डॉक्टरकडे जायच्या तीन वर्षं आधी गळ्याच्या उजव्या बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं. घोट गिळला की वर जायचं, मग खाली यायचं. हरभऱ्याचं बोर झालं, बोराचं लिंबू झालं, आणि मी पदर जरा घट्ट घ्यायला लागले. घरात कुणाला सांगितलं नाही; आणि पोरांच्या पोपटावर मोठं माणूस कोण विश्वास ठेवणार? लपवली, कारण मला माझा आवाज जायची भीती होती.

आता आवाजाचं सांगते. मी कलाबाई. गाव धुळ्याकडचं, पण बरीच वर्षं झाली सुरतेत, गोडादऱ्याला. श्रावणात आमच्या खानदेशी लोकांची कानबाई बसते ना, नारळाला नथ-डोळे लावून, सजवून चौरंगावर बसवतात आणि बाया गाणी म्हणतात, त्या गाण्यांची पहिली ओळ एकोणीस वर्षं मीच उचलत आले. मी उचलायची, बाकीच्या झेलायच्या. दुसऱ्या नंबरला शोभाबाई. आवाज चांगला आहे तिचा, नाही म्हणणार नाही. पण एकोणीस वर्षं ती माझ्या बाजूला बसून माझ्या खोकल्याकडे अशी बघते, जशी मांजर दुधाच्या पातेल्याकडे.

आणि आमचे म्हातारबुवा. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, पण सारखं 'हे' 'हे' करत बसले तर तुमचा गोंधळ होईल. लोटू. उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारीगर होते. मीही त्याच खात्यात कांड्या भरायच्या मशीनवर अठरा वर्षं काढली. त्याच्या आधी दोघं बारडोलीला उसाच्या फडात. तेव्हा लोटूजवळ एक बासरी होती. काय सांगू बाई! त्यात फुंकलं की बैल दावं तोडायचे. मग एक दिवस ती बासरी गेली. मी सांगितलं, कोल्ह्यानं नेली. माझ्या डोळ्यांदेखत, तोंडात आडवी धरून, उसात पळाला. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं, कुठे कोल्हेकुई ऐकू आली की म्हातारा कान टवकारून आमच्या अहिराणीत म्हणतो, "मनीच बासरी शे ती. सूर ओळखस मी." त्या कोल्ह्याला त्यानं जितक्या शिव्या दिल्या तितक्या शेठलाही दिल्या नाहीत.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं समजणार नाही. लूमच्या खात्यात माणूस बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण आवाज काढत नाही. शंभर लूम एकदम धडधडतात तिथे घसा फोडून काय उपयोग? सगळे नुसते ओठ हलवतात आणि हातांनी खुणा करतात. दोन बोटं ओठाला म्हणजे चहा. पोटावरून मोठा गोल हात म्हणजे शेठ आला. मी आणि लोटू तर पूर्ण भांडण करायचो, माहेर काढण्यापासून ते रुसून बसण्यापर्यंत, आणि एक अक्षर ऐकू यायचं नाही. मजा व्हायची ती वीज गेली की. लूम एकदम थांबायचे, आणि घसा आपोआप उघडायचा. अर्धं वाक्य मुकं, उरलेलं अर्धं मोठ्यानं. एकदा लूमवर देखरेख करणारे बन्सीलाल मास्तर शेजाऱ्याला काहीतरी सांगत होते आणि वीज गेली, तर सगळ्या खात्यानं ऐकलं, "...आणि शेठ तर निव्वळ रेडा!" शेठ दारातच होता.

ही सवय अंगात इतकी मुरलीय, की घरातसुद्धा मिक्सर लागला की आमच्या दोघांचे आवाज बंद आणि ओठ चालू. नात योगिता चिडते. "आजी, मिक्सर आहे तो! लूम नाही! आवाज काढ!" पण निघतच नाही. मिक्सर थांबेपर्यंत घसा कुलूप.

तर ही योगिता. माझ्या योगराजची पोरगी, बारावीला होती तेव्हा. आई-बाप दोघं कामावर, म्हणून माझ्यावर नजर ठेवायचं काम तिचं. सुरतेत प्लेग आला त्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, मी माठातलं पाणी पीत होते. मान वर केली, पदर घसरला.

"आजी! ते काय वर-खाली जातंय?"

"पोपट आहे."

"आजी, शप्पथ सांग."

"जांभळाची बी."

पोरीनं सरळ हात लावून बघितलं. तिचं तोंड उतरलं. "किती दिवस झाले? भाकरी अडकते ना तुला? म्हणूनच हल्ली दुधात कुस्करून खातेस. चल डॉक्टरकडे."

मी म्हटलं, मी नाही जात. नंदुरबारकडच्या एका बाईच्या गळ्यातली गाठ काढायला गेले, तर गाठीबरोबर आवाजही निघून आला. डॉक्टरनं ताटलीत ठेवला, तर तो ताटलीतच 'अगं बाई' म्हणाला. बाई घरी मुकी आणि आवाज दवाखान्यात. शोभाबाईनं सांगितलंय मला, तिच्या मामेसासूच्या गावची गोष्ट.

योगितानं कपाळाला हात लावला. "आजी, ही गोष्ट तूच सांगितली होतीस! मी तिसरीत होते! तेव्हा ती बाई चोपड्याची होती, आणि आवाज बशीत होता!"

आता मी विचारात पडले. खरंच की. ती गोष्ट मीच बनवली होती, दुपारच्या वेळी, पोरं झोपावीत म्हणून. ती माझ्या तोंडून निघाली, गल्लीतून लिंबायतला गेली, तिथून कुणाच्या तरी सासरी, आणि नऊ वर्षांनी शोभाबाईच्या तोंडून परत आली तेव्हा गाव बदललेलं, बशीची ताटली झालेली. मीच ओळखलं नाही. आणि तीन वर्षं मी माझ्याच थापेला घाबरून गाठ लपवत बसले होते!

तरी मी म्हटलं, "पण कुठेतरी घडलं असेलच ना."

"चल," योगिता म्हणाली.

डॉक्टरचं आडनाव जरीवाला. मला तेच आवडलं. म्हटलं, जरीवाला आहे, शिवण तरी बारीक घालेल. बुटका, गोरा, चष्मा नाकाच्या टोकावर. अर्धं गुजराती, अर्धं हिंदी आणि वर चिमूटभर मराठी असं बोलायचा, आणि मला गुजराती रीतीनं 'बा', म्हणजे आई म्हणायचा.

"बोला बा, गाठ केव्हापासून?"

मी तोंड उघडलं. "काय आहे डॉक्टरसाहेब, आम्ही बारडोलीला असताना साखर कारखान्याचा भोंगा..."

"आजी!" योगिता म्हणाली.

"...भोंगा वाजला आणि मी दचकून..."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. रागावला नाही. म्हणाला, "जुओ, बघा बा. गोष्ट मला पण आवडते. पण मी गोष्टीवर औषध देऊ शकत नाही. गाठ हळूहळू वाढली की भराभर, त्यावर मला पुढचं ठरवायचं आहे. तुम्ही भोंगा सांगितला तर मी भोंग्याचं ऑपरेशन करीन."

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा एका दमात सगळं खरं सांगितलं. हरभरा, बोर, लिंबू, अडकणारी भाकरी. आडवं झाल्यावर गळ्यावर कुणी अंगठा ठेवल्यासारखं होतं, तेही. फार थकवा येतो हो, खरं बोलताना. बाहेर येऊन मी लगेच रिक्षावाल्याला सांगितलं की मी माजी सरपंच आहे.

मग तपासण्या. रक्त काढलं. गळ्यावर गार चिकट काहीतरी लावून सोनोग्राफी केली. टीव्हीत माझा गळा दिसला, पण कार्यक्रम काही समजला नाही. मग बारीक सुई गाठीत घालून आतलं थोडं ओढून घेतलं आणि काचेवर फासलं. मला वाटलं फार दुखेल. मुंगी चावावी तेवढं दुखलं. एका आरशावाल्या डॉक्टरनं माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, घशात छोटा आरसा घातला आणि म्हणाला, "ई म्हणा." तुम्ही बघा बरं, दुसऱ्याच्या हातात जीभ देऊन ई म्हणून. पण म्हणाला, आवाजाच्या दोन्ही पट्ट्या छान हलतात.

रिपोर्ट आले तेव्हा लोटूही बरोबर होता. जरीवालानं कागदावर चित्र काढलं. गळ्यात, श्वासाच्या नळीच्या पुढे, फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. दोन पंख, मध्ये बारीक कंबर. थायरॉईड म्हणतात तिला. अंगात किती ऊब, किती चपळाई, ते तिच्या रसावर चालतं. माझ्या फुलपाखराच्या उजव्या पंखात गाठ होती.

"सुईच्या तपासणीत वाईट काही दिसलं नाही," तो म्हणाला, "पण या जातीच्या गाठीत सुईनं पक्कं कळत नाही. पूर्ण गाठ काढून तपासली तरच कळतं. शिवाय ती नळीला दाबतेय. म्हणून उजवा पंख काढू. डावा राहील. बहुतेकदा तो एकटा काम ओढतो. नाही ओढलं तर रोज एक गोळी."

"आणि आवाज?" मी विचारलं. बाकी सगळं मी नुसतं ऐकत होते, हे विचारायला आले होते.

जरीवालानं पंखाच्या मागे पेन्सिलीनं एक केसासारखी रेघ ओढली. "ही आवाजाची नस. पंखाला चिकटून मागून जाते. माझं अर्धं काम गाठ काढायचं आणि अर्धं हिला शोधून बाजूला ठेवायचं. दुखावली तर आवाज बसतो. बरेचदा काही आठवड्यांत परत येतो. कायमचा बसणं फार थोड्यांना होतं. पण बा, शून्य मी म्हणणार नाही."

लोटूनं चित्राजवळ नाक नेलं आणि म्हणाला, "ताण्याचा एक तार आहे म्हणा ना. तुटला तर लूम बंद."

"बराबर!" जरीवाला खूश झाला. "आणि मागे हे चार तांदळाच्या दाण्याएवढे आहेत, ते कॅल्शियम सांभाळतात. त्यांनाही जपायचं. ऑपरेशननंतर बोटांना, ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं."

"मी बरंच काही सांगते," मी म्हटलं.

"तेच तर," योगिता म्हणाली. "डॉक्टर, हिनं मुंग्या सांगितल्या तर मुंग्याच आहेत का ते आधी मला विचारा."

घरी येताना मी हिशेब केला. आषाढ लागला होता. कानबाईला पाच आठवडे. आवाज राहिला तर एकोणिसाचं वीस होईल. नाही राहिला तर शोभाबाई. मी म्हटलं, आत्ताच होऊ दे. श्रावणानंतर म्हटलं तर मी कधीच जाणार नाही, मला मी चांगली माहीत आहे.

ऑपरेशनच्या दिवशी गुंगी देणाऱ्या बाईनं सांगितलं, दहापासून उलटे आकडे मोजा. मी म्हटलं, शंभरापासून मोजते. नव्व्याण्णवपर्यंत पोचले असेन नसेन.

जाग आली ती धडधडीनं. धडधड, धडधड, धडधड. डोळे अर्धे उघडे, सगळं पांढरं धुरकट, कापसाचे तंतू उडत असल्यासारखं. आणि समोर लोटू उभा. मी म्हटलं, बरोबर, उधन्याला आहे मी. कामाची पाळी चालू आहे आणि मला डुलकी लागली वाटतं. शेठनं बघितलं नाही ना?

एक बुटका गोरा माणूस वाकून ओरडत होता. "बा! ओ बा! बोला! तुमचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. नुसत्या ओठांनी, खात्यात सांगतात तसं.

त्यानं कान माझ्या तोंडाजवळ आणला. "परत बोला!"

मी परत सांगितलं आणि वर दोन बोटं ओठाला लावली. चहा.

त्या माणसाचा चेहरा चुन्यासारखा झाला. "ई म्हणा, बा! ई!"

मी दात दाखवून लांबलचक ई म्हटलं. मुकं.

झालं असं होतं, की दवाखान्याची वीज गेली होती आणि माझ्या खिडकीखालीच त्यांचं जनरेटर लागलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा जरीवाला घामाघूम. लोटूकडे वळून विचारतो, "काका, या कधी बोलल्या का जाग आल्यावर?"

लोटूनं सविस्तर उत्तर दिलं, की हो, बोलतेय की, नाव सांगितलं, चहा मागितला, डोकं ठिकाणावर आहे. सगळं ओठांनी. एक अक्षर आवाज नाही. वर पोटावरून गोल हात फिरवून मला सांगितलं, शेठसारखं वागतोय हा माणूस.

जरीवाला माझ्याकडे बघतो, लोटूकडे बघतो. म्हणाला, "काका, ऑपरेशन तुमचं नव्हतं!"

योगिता असती तर एका वाक्यात सुटलं असतं. पण ती खाली औषधांच्या दुकानात रांगेत होती. आणि नेमकी त्याच वेळी दारात कोण? शोभाबाई. हातात शहाळं. तिनं डॉक्टरला 'ई, ई' करताना बघितलं, मला नुसते दात दाखवताना बघितलं, शहाळं टेबलावर ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावून निघाली. डोळे कोरडे होते. माझी नजर शाबूत होती.

जरीवाला आरसा आणायला धावला. आणि आता माझी गुंगी उतरली. गळ्याशी हाताला पट्टी लागली. पट्टीतून बारीक नळी बाटलीत गेलेली. अरे, हे खातं नाही. हा दवाखाना. गाठ काढलीय. आणि डॉक्टर विचारतोय बोला, आणि मी बोलतेय, आणि मला स्वतःलाच काही ऐकू येत नाही.

हसू नका. तुम्ही म्हणाल, मग जोर लावून आवाज काढायचा. लावला. त्या धडधडीत माझा घसा उघडायला तयारच नव्हता. अठरा वर्षांची सवय आणि वर गुंगी. मला वाटलं, गेला. तुटला तार. नंदुरबारची बाई मीच, मीच बनवली आणि मीच झाले. बाजूच्या स्टीलच्या ताटलीकडे मी दोनदा बघितलं, त्यातून कुणी काही बोलतंय का म्हणून.

माझ्या मनात काय काय आलं सांगू? कानबाईची पहिली ओळ आली. धुडकूच्या नातीला सांगायची राहिलेली फांदीची पुढची गोष्ट आली. आणि समोर हा म्हातारा उभा, माझे ओठ वाचणारा जगातला एकटा माणूस. मला वाटलं, आता यापुढे मी जे काही बोलेन ते फक्त यालाच कळणार. मग याच्याशी तरी एकदा खरं बोलून घ्यावं.

मी त्याचा हात धरला. ओठांनी म्हटलं, "ऐका. एक सांगायचं राहिलंय."

तो ओठांनी म्हणाला, "सांग ना, योगराजनी माय." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"तुमची बासरी."

"कोल्हा लई गया ती?"

"कोल्हा नव्हता. कुठलाही कोल्हा नव्हता. चार दिवस तुम्ही वाजवत होता, मला वेड लागायची पाळी आली होती, भाकऱ्या करायला सरपण ओलं होतं, आणि ती बासरी..."

वर पंखा गरकन फिरला. ट्यूबलाइट लुकलुकली. वीज आली. खाली जनरेटर बंद पडलं, एकदम, जसे आमच्या खात्यात लूम थांबायचे तसं. आणि माझा घसा आपोआप उघडला.

"...मीच चुलीत घातली!"

अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. आवाज जरा खरखरीत होता, पण होता! पलीकडच्या खाटेवरची मूतखड्याची बाई उठून बसली. नर्सच्या हातून वाटी पडली. दारात जरीवाला आरसा घेऊन उभा, आणि त्याच्या मागे औषधांची पिशवी घेतलेली योगिता.

"काय घातली चुलीत?" योगिता म्हणाली.

जरीवालानं खुर्ची ओढली आणि बसला. मग हसायला लागला. चष्मा काढून पुसला, परत हसला. "बा, वीस वर्षांत पेशंटनी मला एवढं घाबरवलं नाही. नस मी डोळ्यांनी बघितली होती, अख्खी होती! मला समजेना, गेली कुठे!"

योगितानं त्याला मिक्सरचं सगळं समजावलं. त्यानं नर्सला सांगितलं, माझ्या कागदावर लिहून ठेवा: या बाईंना तपासताना मशीन बंद करा.

फक्त लोटू हसत नव्हता. म्हणाला, आणि मोठ्यानं म्हणाला, "म्हणजे अठ्ठावीस वरीस मी फुकट कोल्हाले शिव्या दिन्या?"

त्याच वेळी माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मी सांगितलं. कुणी विश्वास ठेवेना. रक्त तपासलं, तर कॅल्शियम अगदी ठीक. योगितानं नीट बघितलं, लोटूनं माझा हात अजून घट्ट धरून ठेवला होता. रागानं.

दुसऱ्या दिवशी नळी काढली, तिसऱ्या दिवशी घरी. जरीवालानं बजावलं: दोन आठवडे ओरडायचं नाही, गाणं नाही, भांडण नाही. थोडं, हळू बोला. गाठ तपासायला पाठवली होती, तिचा रिपोर्ट आठवड्यानं आला. साधी होती. वाईट काही नाही. त्या दिवशी योगराजनं पेढे आणले आणि मी दुधात न कुस्करता चार खाल्ले. सरळ उतरले.

पण ते दिवस कसे गेले विचारा. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी लोटू बाजारात गेला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं घेऊन आला. माझ्या खाटेसमोर मांडी घातली. कागद सोडला. नवी कोरी बासरी.

"डाक्टर काय बोलना?" तो म्हणाला. "ओरडानं नही. भांडानं नही."

आणि त्यानं फुंकली.

दोन आठवडे! सकाळ, दुपार, संध्याकाळ, औषधाच्या वेळा होत्या त्याच बासरीच्या. अठ्ठावीस वर्षांत काही शिकला असेल म्हणाल तर उलट विसरला होता. मी हळू आवाजात म्हणायची, "अहो, बस झालं." तो कानाला हात लावायचा: ऐकू येत नाही, बासरी चालूय. शेजारच्या म्हशीनं दूध दिलं नाही. लिंबायतची रेल्वे फाटकावर थांबून राहिली, ड्रायव्हरला वाटलं सिग्नलची शिट्टी बिघडली. यातलं म्हशीचं खरं आहे.

आणि मी गप्प म्हणून गल्लीत पक्कं झालं, की कलाबाई मुकी झाली. शोभाबाईनं दुपारी बाया जमवून गाण्यांची तयारी सुरू केली. मला बघायला आली की मोठ्यानं, सावकाश बोलायची, जशी मी बहिरी आहे. "कलाबाई! कसं! वाटतंय! आता!"

मी नुसती मान हलवायची. मला काय, पंधरा दिवसांनी मजा घ्यायची होती.

पण मनातून धाकधूक होती. कारण न्हाणीघरात, जरीवालानं परवानगी दिल्यावर, मी हळूच पहिली ओळ म्हणून बघितली होती. खालचे सूर लागले. वरचा सूर लागत नव्हता. तिथे पोचलं की नुसती हवा. जरीवालाला विचारलं, तर म्हणाला, वरच्या सुराला अजून एक बारीक नस असते, ती थोडी दुखावली असेल, येईलही हळूहळू. आणि नाही आली तर बा, खाली गा.

श्रावणातला रविवार आला. कानबाई बसली, नारळाला नथ, हिरवी साडी, पुढे रोटाचा नैवेद्य. दुपारी बाया जमल्या. माझी जागा पहिली, चौरंगाच्या उजव्या हाताला. तिथे शोभाबाई बसली होती. मला बघून जरा सरकली, पण उठली नाही.

"बसा कलाबाई. तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा. देवीला चालतं."

मी बसले. पदर मागे टाकला, गळ्यावरची रेघ सगळ्यांना दिसू दिली. देवीकडे बघितलं. आणि शोभाबाईनं श्वास घ्यायच्या आत मी ओळ उचलली, खालच्या सुरात, नवीनच, त्याच सकाळी गळ्यातल्या गाठीवर जुळवलेली:

"गयामा गाठ, तिना भारी थाट,
डाक्टर जरीवालानी दखाडी वाट!"

बाया एवढ्या हसल्या की झेलायचं विसरल्या. शोभाबाईचं तोंड उघडं ते उघडंच. मी पुढे गेले, आणि ओळीच्या शेवटी वरचा सूर आला, तोच. मी तोंड उघडलं, हवा निघाली.

मग बाजूनं तो सूर आला, स्वच्छ, उंच, कुठेही न थरथरता. शोभाबाई. तिनं माझी ओळ जमिनीवर पडू दिली नाही. डोळे मिटून म्हटली आणि मग मला कोपर मारून हळूच म्हणाली, "वरचं मी बघते. खालच्या थापा तुम्ही मारा."

एकोणिसाचं वीस झालं. थोडं वाटून घ्यावं लागलं, पण झालं.

संध्याकाळी पोरं माझ्याभोवती जमली. धुडकूची नात, छगनचं पोर, अजून चार-पाच. गळ्यावरच्या रेघेला बोट लावून बघायला. "आजी, फांदी कापली का?" "आजी, पोपट उडाला?"

योगितानं मला दटावलं. "आज खरं सांग. एकदा तरी. उद्या यांच्यातलं कुणी तुझ्यासारखंच घाबरून गाठ लपवत बसेल."

पोरगी बरोबर बोलत होती. म्हणून मी सांगितलं. अगदी खरं, एक अक्षर वरचं नाही. की प्रत्येकाच्या गळ्यात एक फुलपाखरू असतं, त्याला दोन पंख असतात. माझ्या एका पंखात गाठ झाली. डॉक्टरनं मला झोपवून गळा उघडला, पंख काढला, त्याच्या मागे केसाएवढा आवाजाचा तार होता तो सांभाळला, चार तांदळाचे दाणे सांभाळले, आणि परत शिवलं. आता मी एका पंखावर चालते.

पोरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग छगनचं पोर उठलं, चड्डी झटकली आणि म्हणालं, "हट! कायपण सांगते आजी. गळ्यात कुठं फुलपाखरू असतं का? तांदळाचे दाणे म्हणे! चला रे."

सगळी गेली. जाता जाता त्यानं खिशातून एक हिरवी मिरची काढून माझ्या हातावर ठेवली.

"पोपटाला द्या," म्हणाला. "परत आला तर."

ओट्यावर लोटूनं बासरी उचलली. मी मिरची बाजूला ठेवली. दोन आठवडे केव्हाच संपले होते. मी पदर खोचला, श्वास घेतला आणि जो आवाज काढला, तो ऐकून जरीवाला रिंगरोडवरच्या दवाखान्यात खुर्चीतून उठून उभा राहिला असेल.